मुंगीने लिहिलेल्या ओळी

प्रिय मुंगी,

ग्रंथालयांच्या त्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गेले पाच महिने ‘चष्मा’ या नावाने जो माणूस लुडबुड करतोय, ज्याच्या चुका तू न कंटाळता दाखवतेस, तो मी आहे. तुझा कॉलेजातला सर. हे वाचून पत्र बाजूला ठेवलंस तरी माझी तक्रार नाही. नसशील ठेवलं, तर शेवटपर्यंत वाच.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. पहिलं वर्ष मी घरात व्यवस्था लावण्यात घालवलं. स्वयंपाकघरातले डबे अक्षरांच्या क्रमाने मांडले, तेव्हा हिने हात जोडले. म्हणाली, “अहो, कंप्युटरचं काहीतरी शोधा, पण माझे डबे सोडा.” मग हे ओपन सोर्सचं काम धरलं. कुणीही उघडून पाहावं, कुणीही सुधारावं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. स्वतः मात्र कोडची एक ओळ दिली नव्हती. “तिथे तुम्हाला सर कोण म्हणणार?” हिने विचारलं. खरं सांगतो, मला तेच हवं होतं.

एकाच नावाच्या दोन लेखकांची पुस्तकं यादीत एकमेकांत मिसळायची; ती वेगळी केली, ही माझी पहिली दुरुस्ती. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘चष्मा, काम छान. फक्त लेखकाचं नावच नसेल तर काय, तेवढं बघा. घाई नाही.’ खाली लिहिलेलं, मुंगी. तुझं ते बारीक, रांगेत चालणारं अक्षर पाहून हे नाव मीच ठेवलं होतं. जुन्या नोंदी उघडल्या, तर निम्मं सॉफ्टवेअर तुझ्या हातचं. डिग्रीवाचून तू हे उभं केलंस. डिग्री का नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. निदान तुला वाटतं, की ठाऊक आहे.

शेवटच्या वर्षी तुझा आणि त्या दुसऱ्या मुलाचा प्रोजेक्ट ओळीन् ओळ सारखा निघाला. केबिनमध्ये तो फाडफाड बोलला. तू टेबलाची कड धरून एवढंच म्हणालीस, “सर, मी हे आधीच नेटवर टाकलंय. तारीख बघा.” मी म्हणालो, बघतो. चार दिवसांनी तुला शून्य मिळालं. तुझे वडील मला भेटायला येऊन बाहेरच्या बाकावर दोन तास बसले होते. मी मागच्या जिन्याने घरी गेलो. तू कॉलेज सोडलंस, आणि सगळे धरून चालले की सरांनी तारीख पाहिलीच नाही. कामाचा व्याप, राहून गेलं असेल.

राहून गेलं नव्हतं. मी ती त्याच संध्याकाळी पाहिली. तुझ्या ओळी त्याच्या सात महिने आधीच्या होत्या. तो माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आडनाव वेगळं, त्यामुळे कॉलेजात कुणाला पत्ता नव्हता. मेहुणे नुकतेच गेले होते, आणि बहीण त्या एका पोराच्या आशेवर उभी होती. ही सबब नाही, असं लिहिणार होतो. पण सबबच आहे. एकोणीस वर्षं मी तीच पांघरून झोपलो.

कदाचित पुढेही झोपलो असतो. पण गेल्या सोमवारी तू सगळ्यांना कळवलंस की यापुढे इतरांचं काम तपासून ते घ्यायचं की परत पाठवायचं, हा अधिकार ‘चष्मा’ला द्यावा, माणूस विश्वासाचा आहे. तो प्रस्ताव मागे घे. परवा बहिणीला सगळं सांगितलं. ती “आता कशाला दादा?” म्हणाली आणि पाणीही न पिता निघून गेली. भाचा फोन उचलत नाही. कॉलेजला लिहिलेलं पत्र सही करून तयार आहे. त्याची प्रत सोबत जोडलीय. पण त्यात तुझं नाव येणार, पुन्हा चारचौघांत चर्चा होणार. मागच्या वेळी तुझ्या आयुष्याचा निकाल मी एकट्याने लावला. हे पाठवायचं की फाडायचं, ते तू सांग. माफी मागायची हिंमत अजून गोळा झालेली नाही.

तुझा, एके काळचा
सर