पान नरम आलंय

१२ ऑक्टोबर
डॉइल कालही खुर्चीतच झोपला. आडवा झाला की कंबर ठणकते. वसंतापासून पलंगाची त्याची बाजू रिकामी आहे, तिथे आता मांजर लोळतं. आज म्हणाला, "ओर्लीन, दुखण्यावर हेंपच्या, त्या बिननशेच्या गांजाच्या, फुलांचं तेल घरी करतात म्हणे. करून बघ ना." अख्ख्या केंटकीला हे खूळ लागलंय! पेट्रोल पंपावर तळलेल्या चिकनशेजारी सीबीडीच्या, म्हणजे याच तेलाच्या, बाटल्या मांडून ठेवतात. म्हटलं, करते. पण फूल मी निवडणार. आणि हॉलिसकडून तर नाहीच.

१३ ऑक्टोबर
डॉइल म्हणे, "तुझा सख्खा भाऊ पिकवतो आणि तू दुकानं धुंडाळणार?"
हो, धुंडाळणार. बाबांच्या तंबाखूच्या शेतात हॉलिसने हेंप लावला. चर्चच्या जेवणात मी त्याला सगळ्यांसमोर गांजावाला म्हटलं. तेव्हापासून बोलणं बंद. त्या वेळी म्हणतो कसा, "ताई, याने नशा येत नाही." नशासुद्धा नाही, मग लावलास कशाला?

१६ ऑक्टोबर
दुकानदार दाढीवाला, डोक्यावर अंबाडा. माझ्यापुढे प्रयोगशाळेचा कागद नाचवला. मग म्हणे, "आजी, कोरडं घ्या. देठ कट्‌कन मोडला पाहिजे."
मला शिकवतोय! जन्म गेला माझा तंबाखूची प्रत लावण्यात. कोरड्या पानाला हात लावला की चुरा होतो, मग ते कुणी फुकटही घेत नाही. हवेत ओल आली की कोठारात टांगलेलं पान हातमोज्यासारखं मऊ व्हायचं. बाबा अंगणातून ओरडायचे, "पान नरम आलंय!" की मी आणि हॉलिस ताटावरून उठून, ऊन चढायच्या आत पान उतरवायला धावायचो. ते शब्द आमच्या घरात कुणाला दोनदा उच्चारावे लागले नाहीत.
मी सगळ्या बरण्या दाबून पाहिल्या आणि सगळ्यात मऊ फूल घेतलं. अंबाड्याने तोंड वाकडं केलं. करू दे.

१७ ऑक्टोबर
अर्धी फुलं ओव्हनमध्ये भाजून तेलात मुरवली. घरभर ओल्या कुत्र्याचा वास.

२४ ऑक्टोबर
उरलेल्या फुलांवर पांढरी बुरशी! तेलही मोरीत ओतलं. तंबाखूत चालतं ते या दळभद्री फुलात चालत नाही, एवढंच. डॉइल हसून म्हणाला, "पण नरम होतं ना?" जेवणापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

२७ ऑक्टोबर
दुखरी कंबर घेऊन हा माणूस स्वतः गाडी चालवत गेला आणि फुलांची बरणी घेऊन आला.
"कुणी दिली?"
"चर्चमधल्या एकाने."
"नाव नाही का त्याला?"
"आहे की."
इतक्या वर्षांच्या संसारात याला धड एक थाप मारता येऊ नये! झाकण उघडलं. वर राळेचा वास, लिंबासारखा. आणि त्याखाली आमचं कोठार. जुन्या ओकच्या फळ्या, त्यांच्यात मुरलेला बाबांचा तंबाखू. हॉलिस अजून तिथेच टांगतो तर. त्याच दांड्यांवर. फूल घट्ट, बोटांना चिकटणारं. देठ कट्‌कन मोडला.
माझे डोळे भरून आले. डॉइलला म्हटलं, "बरं दिसतंय," आणि ओव्हन लावला.

२ नोव्हेंबर
जिभेखाली थेंब घेताना डॉइल घोड्यासारखं तोंड करतो. पण काल पलंगावर झोपला, सकाळपर्यंत. तेलाने की माझ्या धाकाने, देव जाणे. मांजर रुसलंय.

५ नोव्हेंबर
बरणी घासून तिच्यात सफरचंदाचा मुरंबा भरला. आईच्या पद्धतीचा, दालचिनी जास्त घातलेला. हॉलिस लहानपणी बोटाने चाटायचा, शिव्या खायचा. डॉइलला म्हटलं, "तुझ्या त्या चर्चवाल्याला दे. आपल्यात बरणी रिकामी परत करत नाहीत."
डॉइल छताकडे बघत म्हणाला, "देतो."
दोघंही मेले मठ्ठ. मुरंबा ओळखला नाही तर खड्ड्यात जाऊ देत.

९ नोव्हेंबर
पहाटेपासून धुकं, सगळं ओलं. नाश्त्याला बसले आणि फोन वाजला. हॉलिस. ना नमस्कार, ना चमत्कार. म्हणाला, "ताई, पान नरम आलंय."
त्याच्या कोठारात तंबाखूचं एकही पान नाही.
मी ताटावरून उठले.