तक्रारीच्या रकान्यातल्या दोन ओळी

दारव्हा, मंगळवार, संध्याकाळ

डॉक्टरसाहेबांनी आजपासून बोललेलं आपोआप टाइप करणारं सॉफ्टवेअर सुरू केलं. साहेब बोलणार, ते लिहिणार, अन् मी फक्त चुका सुधारणार. सकाळपासून नुसत्या चुकाच. दोन वर्षं मी टाइप करत होतो, तेव्हा काय बिघडलं होतं?

दुपारी रूपाली आली. जिच्यापायी मी कॉलेज सोडलं, तीच. नवरा बाहेर गाडी लावत होता, साहेब आत हात धूत होते. माझं डोकं फिरलं. "काहून आली तू इथं? दुसरा दवाखाना नव्हता?"

माइक चालूच होता. तिच्या तक्रारीच्या रकान्यात सगळं उमटलं. तेवढ्यात नवरा आला अन् स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून हसला, "ही कोणती बिमारी हो भाऊ?"

मी माइकचं बटण शोधू लागलो. रूपाली मात्र पटकन म्हणाली, "दादा मशीन शिकून राह्यले."

दादा! मले!

नवऱ्याचं बोलणं मशीननं भलतंच लिहिलं, अन् तिचं वाक्य त्याखाली उमटलं. साहेब येऊन खेकसले, "पूस ते सगळं."

पुसलं. दिवसभरात मशीननं त्या दोनच ओळी बिनचूक लिहिल्या होत्या.