पासपोर्टातून गळालेला 'अ'

तिबिलिसी, ऑक्टोबर १९७७

तीर्थरूप योनानमामांस भाचा श्लिमोन याचे सादर वंदन. गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला हटला का? इकडे सगळे धडधाकट आहोत; फक्त मी असिरियन उरलेलो नाही.

झालं असं, की रांगेत अर्धा दिवस घालवून नवा पासपोर्ट घेतला, माझ्या चांभारकामाच्या टपरीत येऊन उघडला, तर वंशाच्या रकान्यात 'सिरियन'! एक 'अ' गाळून कारकूनबाईंनी मला अरबांत नेऊन टाकलं. (कळता झाल्यापासून मी बातुमी बंदरापलीकडे गेलो नाही.) परत गेलो. बाई (नाव लामारा, नखं लालभडक, अक्कल बेताची) म्हणाल्या, "असिरियन? ते अडीच हजार वर्षांपूर्वीच संपले. शाळेत गेला नव्हता का?" म्हटलं, "बाई, त्या संपलेल्या माणसानंच परवा तुमच्या बुटाला टाच बसवली!" मग साहेब आले. त्यांनी ज्ञानकोश काढला (कचेरीत धड खुर्ची नाही, पण ज्ञानकोश आहे), आमच्या राजांच्या दगडी दाढ्या पाहिल्या आणि माझ्या गुळगुळीत हनुवटीकडे संशयानं बघत जन्मदाखला मागितला. आता १९१८ च्या कत्तलीत इराणातल्या उर्मियाहून जीव घेऊन पळताना आईनं, म्हणजे तुमच्या बहिणीनं, मला उचललं. कागद उचलले नाहीत. तिची चूकच म्हणायची. या लोकांना माणसाच्या पोटात काय आहे हे नको, त्याच्या आजोबांच्या रक्तात काय होतं ते हवं! मी म्हटलं, खड्ड्यात गेला तुमचा रकाना. मला काडीचा फरक पडत नाही.

मामींना नमस्कार.

आपला,
श्लिमोन

ता. क. आमची नीना सोळा वर्षांची झाली. या वयात सगळ्यांना मिळतो तसा तिलाही पासपोर्ट मिळाला. तिची आई हस्मिक अर्मेनियन, तेव्हा आईचा वंश लाव, सुखी राहशील, असं मीच बजावलं होतं. पोरीनं 'असिरियन' लिहून आणलं. तिच्या जन्मदाखल्यात बापाचा वंश तोच आहे म्हणून लामाराबाईंनी निमूट लिहिलं. मी टपरीमागे जाऊन बराच वेळ नाक शिंकरत होतो.

ता. क. दुसरा. तोच दाखला घेऊन मी कचेरीत धावलो. साहेब म्हणाले, "यावरून मुलीचा बाप असिरियन ठरतो. तुम्ही तर सिरियन. मग तुम्ही तिचे बाप कसे?" तेव्हा मामा, गुडघा कसाही असो, पहिल्या गाडीनं या आणि मी नीनाचा बाप असल्याची साक्ष द्या. उशीर नको, शेजारणी हस्मिकला विचारू लागल्या आहेत, तो दुसरा कोण म्हणून.