विमान किती लागतं?

तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार. (वाकलो की कंबर धरते, तेव्हा हा कागदावरचाच मानून घे.) डोळा कसा आहे? पत्र भाऊजींकडून वाचून घे, पण कंसातलं गाळायचं नाही असं त्यांना बजाव.

तुझा निरोप पोचला. मी आल्याशिवाय तू ऑपरेशनला तयार होणार नाहीस, दोनदा तारीख पुढे ढकललीस, आणि बसमध्ये माझे हाल होतात म्हणून विमान किती लागतं ते विचारून विमानानेच ये, असं तुझं म्हणणं. आता जन्म गेला माझा कपडे बेतण्यात. अंतर म्हटल्यावर मी आधी नातीच्या नकाशावर टेप लावली. आमचा विमानतळ ते तुमचा विमानतळ, सव्वादोन इंच! (एवढ्यात शर्टाचा एक कफ निघतो, बस.) तरी म्हटलं, जाऊन आलेल्याला विचारावं. आमचा न्हावी मुलाकडे विमानाने जातो. त्याला विचारलं, विमान किती लागतं रे? तर म्हणे, मला अजिबात लागत नाही. अजिबात नाही म्हणजे? चढला की उतरला? थापाड्या मेला, म्हणून सोडून दिलं. मग शेजारच्या मास्तरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, फार लागतं हो, चढल्यापासून उतरेपर्यंत, आणि घरी पोचल्यावरही दोन दिवस! मी चक्रावलो. घरी पोचल्यावर आणखी दोन दिवस कुठे जायचं असतं? वर म्हणाल्या, पुढे बसलं की जरा कमी लागतं. हे मात्र पटलं. पुढचा माणूस आधी पोचणारच.

हे सगळं हिला समजावून सांगितलं, तर ही हातातलं लाटणं खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, बस लागते तसं विमान लागतं का, ते विचारलंय ताईंनी! वेळ नाही, उलटी!" मी कपाळाला हात लावला.

मग तिकिटाच्या ऑफिसात गेलो. तिथली मुलगी म्हणाली, सरळ गेलं तर पन्नास मिनिटं, पण सरळ जात नाही. आधी उलट्या दिशेला मोठ्या विमानतळावर उतरायचं, तिथे बसून राहायचं, मग दुसऱ्या विमानाने परत आमच्याच डोक्यावरून तुमच्याकडे. (उसवायचंच होतं तर शिवलं कशाला?) सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी पोचतो. म्हणजे मास्तरीणबाई तशा फार चुकल्या नव्हत्या. मला खरंच काही कळेनासं झालंय, ताई, आणि भीतीही वाटते आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. तिकीट काढलं. बुधवारी पोचतो. गुरुवारची तारीख घे, आता पुढे ढकललीस तर बघ.

ता. क. २. विमानतळावर भाऊजींना एक स्वच्छ शर्ट घेऊन पाठव. त्यांचाच चालेल, मीच शिवलेत. का, ते विचारू नकोस.

ता. क. ३. त्या मुलीने तिकडच्या कुणाचं तरी नाव मागितलं, मी तुझं दिलं. तिने विचारलं, या तुमच्या कोण लागतात? म्हटलं, थोरली बहीण लागते. आणि फार लागते.