नावाची जागा

४ मार्च, मंगळवार

पुन्हा पाळण्याची ऑर्डर! या आठवड्यातला तिसरा. आईबाप बारशाआधी बाळाचं नाव कळवतात आणि वर बजावतात — कुणाला सांगू नका, आत्या कानात सांगेपर्यंत गुपित. आत्याच्या आधी मला ठाऊक! निम्म्या सोलापूरच्या बाळांची नावं माझ्या पोटात आहेत. आणि माझी स्वतःची गाणी? चार वर्षांत तीन.

पाळण्याला कष्ट कसले? एकदाच गाऊन ठेवलाय, नावाच्या जागा मोकळ्या सोडून. नाव आलं की तेवढंच गायचं आणि चिकटवायचं. याला काय गाणं म्हणायचं? मला दहा गाणी मागे ठेवायचीत — माझ्या शब्दांची, माझ्या चालीची. मी गेल्यावरही कुणीतरी लावून ऐकेल अशी. चौतिसावं वर्ष संपलं. जीव थाऱ्यावर नाही.

६ मार्च

पंखा बंद, दाराला दोन चादरी, घामाच्या धारा. चौथं गाणं सतरा वेळा गायले. एकही धड नाही.

११ मार्च

वरद म्हणाला, डिस्क भरली. माझं रेकॉर्डिंग पहिल्यापासून तोच करतो. काय काढायचं ते तू ठरव म्हणाला. त्यात ठरवायचं काय! दोनशे चौदा पाळणे एका फटक्यात पुसले. ज्याचे त्याला कधीच पोचलेत. मोकळ्या जागांचा मूळ पाळणा तेवढा ठेवला, पोटापाण्यासाठी. फार हलकं वाटलं.

१९ मार्च

मंद्रूपहून फोन. यशोदा नावाची बाई. गेल्या वर्षी तिच्या मुलाचा पाळणा मी केला होता म्हणे. मला काही आठवेना. मोबाईल बिघडला, त्यातलं सगळं गेलं, पाहुण्यांकडेही सापडेना. मी म्हटलं, दुसरा करून देते की, पाच मिनिटांचं काम.

ती म्हणाली, "दुसरा नको ताई. पोर ऱ्हायलं न्हाय. तुमच्याकडं असंल की त्यो."

शोधते म्हणाले. खोटं बोलले!

२० मार्च

मोकळा पाळणा लावला. नावाच्या जागी नुसती पेटी वाजत राहते. चार जागा. मला ऐकवेना.

२२ मार्च

तिला खरं सांगून टाकलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं "बरं" म्हणाली. मीच म्हटलं, नव्यानं गाते. नाव विचारायची लाज वाटली, तरी विचारलं. इंद्रजीत.

चिकटवलं नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग गायले. शेवटच्या इंद्रजीतला आवाज चिरकला. वरद म्हणाला, पुन्हा घेऊ. नको म्हटलं.

२५ मार्च

यशोदाबाईंनी ऐकला. भीतभीत विचारलं — माझ्या दहा गाण्यांत हा पहिला ठेवू का? नाव हवं तर काढते.

"नाव ऱ्हाऊ द्या, ताई. घरात आता कुणी घेत न्हाय ते."