बैलांना सांगितलेलं

आत्याबाई, आज शेजारची म्हातारी तापानं फणफणली होती आणि तिचा मुलगा ओट्यावर बसून सांगत होता, "आता वय झालं तिचं." मी त्याला बोलायचं ते बोलले. तो तिला दवाखान्यात घेऊन गेला, तेव्हा घरात आले आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण तुमच्याबद्दलही हेच बोललं गेलं होतं, आपल्याच अंगणात.

मिरगाच्या तोंडावर गावात पटकीची साथ आली ते साल. आधी धाकटे भाऊजी पडले. तुमच्या थोरल्या लेकानं, भासऱ्यांनी, दवाखान्यात न्यायला लगेच बैलबंडी जुंपली आणि भाऊजींचं डोकं मांडीवर घेऊन तुम्ही मागं बसलात. त्यांचं हगणं-ओकणं सगळं तुम्ही काढलं. ते आपल्या पायांनी बंडीतून उतरले आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पडलात. तुमची बाज गोठ्याच्या पडवीत गेली. पाणी देऊ नका, पाण्यानं दुखणं वाढतं, असं जो तो सांगून गेला. भासरे म्हणाले, "बैलं पेरणीले लागतीन. कालच थकून आले. आता वय झालं तिचं." तुम्हीही आतून म्हणालात, "खरं हाय बावा. माह्यापायी पेरणी नोको बुडवू." आमचे हे खाली मान घालून उभे.

लग्न होऊन आल्यापासून मी भासऱ्यांसमोर तोंड उघडलं नव्हतं. थोरल्या दिरापुढं सुनेनं बोलायची रीतच नव्हती. मग मी गोठ्यात गेले, बैल सोडून बंडीला जुंपले आणि भासऱ्यांना ऐकू जाईल असं बैलांनाच मोठ्यानं म्हटलं, "चला रे बावा. जिनं लेकाचं सारं काढलं तिच्यासाठी घरात कोनी रिकामं नाही. तुमच्यापुढं वैरण तिनंच टाकली ना? तुमी तरी इमान ठेवा."

भासरे भिंतीकडं बघून म्हणाले, "बाईनं बंडी हाकली त लोक हसतीन."

मी पांढऱ्या बैलाला म्हटलं, "हसू दे रे. हसनाऱ्याच्या घरीबी म्हातारी असनच."

तेव्हा कुठं हे हलले. त्यांनी तुम्हाला उचलून बंडीत ठेवलं आणि धरून बसले. कासरा माझ्याच हातात राहिला.

रस्त्यात जानेफळच्या बाजाराला निघालेले लोक थांबून बघतात. तुम्ही पाणी मागता, मी गाडगं मागं देते, हे थोडं थोडं पाजतात. मग तुम्ही डोळे उघडता आणि म्हणता, "पदर घे वं डोक्यावर. लोकं पाहून राह्यले."

"दोन्ही हात गुतले माहे, आत्याबाई."

"थांब, मंग मीच घेतो." आणि तो गार पडलेला हात वर करून तुम्ही माझा पदर ओढता. हे रडता रडता हसतात.

जानेफळच्या शाळेत तात्पुरता दवाखाना उघडला होता. तिथला कंपाउंडर तुमचे पांढरे केस बघून म्हणाला, "म्हातारीले ओट्यावर ठेवा. आधी तरणे लोक." मी विचारलं, "सलाईन केसाले लावता का हाताले?" तो उठला आणि बाटली घेऊन आला.

तुम्ही परत आलात आणि नातवांची लग्नं बघून गेलात. हिवतापाचे फवारणीवाले भिंतीवर लिहून जात, ती अक्षरं मोठ्यानं जुळवत मी वाचायला शिकले, म्हणून आधी मला "भिताडाशी बोलते" असा टोमणा मारायचात. मग स्वतःच म्हणू लागलात, "बस, वाच. मी आयकतो." आता हेही गेले. वाचते अजून, पण मनातल्या मनात.

लोक म्हणत, या सुनेची सासूवर काय माया! तुम्हीही तेच धरून चाललात, आणि मी कधी नाही म्हटलं नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी माया नव्हती, आत्याबाई. तोवर तुम्ही माझ्याशी एक गोड शब्द बोलला नव्हता. माया नंतर आली आणि मग राहिली. बंडी मी रागानं जुंपली होती. तुम्हाला पडवीत पडलेलं बघून मला म्हातारपणीची मी दिसले होते. थोडी ती माझ्यासाठीच जुंपली होती.