नदीकाठचं एकमेव सोवळं न्हाणीघर

२ फेब्रुवारी १५४६, सकाळ
निश्चय पक्का. आमचं 'राजहंस' आजपासून पुन्हा खरंखुरं न्हाणीघर. काल मेणबत्तीवाल्या थॉमसिनबाईंना लग्नाचं विचारलं. विधवा आहेत, पण बोलणं सरळ. म्हणाल्या, दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने, मान वर करून ज्या दिवशी तुमच्या घरात येता येईल त्या दिवशी बघू. 'बघू' म्हणजे होच.

दुपार
शब्दाचा काही दोष नाही. स्ट्यू म्हणजे मुळात वाफेची खोली, गरम पाणी, अंघोळ. समुद्रापलीकडून आला तेव्हा शब्द स्वच्छ होता. आजोबांच्या काळी लोक इथे खरंच अंग धुवायचे. मग अंघोळीला सोबत आली, सोबत वाढली, पाणी आटलं. आता स्ट्यू म्हटलं की बायका तोंड फिरवतात आणि त्यांचे नवरे नदी ओलांडून इकडे यायला होडी शोधतात. हा शब्द मी धुऊन काढणार.

९ फेब्रुवारी
सोबतीच्या मुलींना निर्णय सांगितला. मार्जरी घरातली सगळ्यांत जुनी. हसून हसून पायरीवरच बसली. म्हणाली, "अहो मालक, इथे माणसं कपडे काढतात ती काय अंग घासायला?" तिला दूरदृष्टी नाही. सगळ्या शेजारी हंफ्रीच्या स्ट्यूमध्ये गेल्या. जाताना मार्जरीने साबण मागितला. दिला नाही. आता तो धंद्याला लागणार.

२० फेब्रुवारी
आजोबांचा तांब्याचा हंडा माळ्यावरून काढून घासला. अख्खा माणूस मावेल. पाठ धरली आहे.

१ मार्च
पहिलं गिऱ्हाईक! एक खलाशी. कपडे काढले. हंडा पाहिला, पाणी पाहिलं, मला पाहिलं. कपडे परत मागितले.
पाणी जरा जास्त गरम असावं.

१४ मार्च
कोणी नाही. लोकांना भीती, गरम पाण्याने अंगाची भोकं उघडतात नि रोगराई आत शिरते. जाहिरात कमी पडते आहे, दुसरं काही नाही. नदीकडची भिंत पांढरी केली. वर राजहंस, खाली मोठ्या अक्षरांत 'स्ट्यू'. मार्जरी हंफ्रीच्या खिडकीतून ओरडली, "अजून मोठं काढा मालक, राजवाड्यातून दिसत नाही!" सूचना चांगली होती. अक्षरं दुप्पट केली.

२ एप्रिल
हंफ्री आपल्या भिंतीवरचं चित्र खरवडतोय. दारावर 'खानावळ'. पलीकडच्यांचंही तेच. म्हणाला, "बार्नबी, वारं फिरलंय. भिंत पूस बाबा." जळतात मेले. आता अख्ख्या काठावर पाटी एकच, माझी. आज फार अभिमान वाटला.

१३ एप्रिल
सकाळी कर्णे. वाटलं, कोणी बडी असामी अंघोळीला आली. हंड्याखाली जाळ घातला.
राजाचा हुकूम निघाला. सगळे स्ट्यू बंद. कारकुनाने विचारलं, इथे स्ट्यू कुठला? सगळ्या काठाने माझ्या भिंतीकडे बोट दाखवलं. मी त्याला शब्दाचा उगम सांगितला, आजोबांपासून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "छान माहिती आहे. किल्ली द्या."
सामान न्यायला आठवडाभराची मुदत.

१९ एप्रिल
आल्या! थॉमसिनबाई! दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने, मान वर करून! अट पूर्ण झाली, असं मी बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हो, हंडा विकायचाय ना? मेणबत्त्यांची चरबी वितळवायला बरा पडेल."
लग्नाचं विचारलं. म्हणाल्या, ते बघू, आधी चरबी ढवळायला माणूस हवाय.
पुन्हा 'बघू'! नकार नाही.

३ मे
दिवसभर ढवळतो. त्या शेजारी उभ्या राहून ओरडतात, म्हणजे जवळजवळ संसारच. मात्र आज जरा लांब उभ्या होत्या. मार्जरी हल्ली हंफ्रीच्या खानावळीत वाढते. जेवायला गेलो तर नाक धरून म्हणाली, "मालक, काय हा चरबीचा वास! लग्न करायचंय ना? मग एकदा अंघोळ करा."
करायची फार इच्छा आहे. पण काठावर आता एकही न्हाणीघर उरलेलं नाही.